कल्याणचा बिनपगारी महिना

माझ्या भाच्याला सगळं केदारखेडा चिकट म्हणायचं. तोंडावर न्हाई म्हणायचं, पण म्हणायचं. लग्नाला गेला तर पाकीट पातळ. हाटेलात बसला तर अर्धा चहा. अंगात एकच निळा शर्ट, पोळ्यालाही तोच अन् दिवाळीलाही तोच. मी त्याची आत्या, द्वारकाबाई. नवरा गेल्यापसून माहेरीच राहते, माझ्या भावाच्या घरी. माझं तोंड लई वाईट हाय असं माझी भावजय मरेपोहोत सांगायची, अन् ती काही खोटं बोलत न्हवती. तुम्ही परगावचे, आज हाय उद्या न्हाई, म्हणून तुमच्यापुढं हे तोंड उघडून राह्यले. गावात उघडता येत न्हाई मला.

म्या एकदा त्याला धरलंच. "कल्याण, जालन्याचा कारखाना तुला पगार देतो का उलटा तूच त्याला वर्गणी देतो? बायकोला एक साडी घे की."

तो हसला. "आत्या, थोडं थांब. एक दिवस असा येईल की सकाळी उठल्यावर मला कुणाच्या कामाला जायचं राहणार न्हाई."

"मंग त्या दिवशी काय झालं म्हणायचं तुला, लकवा?"

मला काय कळत व्हतं! आमच्या जिंदगीत काम म्हंजे काम. आवडतं का न्हाई आवडत, हे भाजीचं विचारतेत तसं कुणी विचारत न्हाई. अन् ह्याचं काम तर पंख्याखालचं. जालन्याला एमआयडीसीत लोखंडी सळया करायचा कारखाना, पण हा भट्टीपाशी न्हवता. ह्याला एक खोली दिल्ती. भिंतीवर टीव्ही, अन् त्या टीव्हीत साऱ्या कारखान्याचे तुकडे तुकडे दिसायचे. कोण काम करतंय, कोण बसलंय, कोणाचा डोळा लागलाय, कोण मोबाइल काढतंय, हे दिवसभर बघायचं अन् साहेबाला सांगायचं. म्या म्हणलं, "बसून पगार, वर पंखा! अजून काय पायजे तुला, पालखी?"

तवा त्यानं मला खुर्शीदची गोष्ट सांगितली. खुर्शीद भट्टीवरचा माणूस, ह्याच्यासंगं टपरीवर चहा पिणारा. त्याची पोरगी दवाखान्यात व्हती. पोरीपाशी रात काढून तसाच कामावर आला, अन् एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून झोपला. कल्याणला टीव्हीत दिसलं. त्यानं काही सांगितलं न्हाई. पण साहेबानं मागून तेच चित्र पाह्यलं अन् ह्याला विचारलं, तुला हे दिसलं न्हाई का? मंग ह्याला म्हणावं लागलं, दिसलं. खुर्शीदचा पगार कापला.

"तो भांडला असता तर बरं झालं असतं, आत्या," कल्याण म्हणला. "आधी कल्याणभाऊ म्हणायचा. आता लांबूनच सलाम करतो अन् साहेब म्हणतो. मला ती खोली खाऊन राह्यली. दुसऱ्याची कामं बघता बघता माझं सारं वय चाललं. माझ्या हातानं वाढलेलं काहीतरी मला बघायचंय."

त्या दिवसापसून म्या त्याला चिकट म्हणणं सोडलं. तो कशासाठी गाठीला गाठ मारून राह्यलाय ते मला कळलं व्हतं. त्याला बंगला नको व्हता, गाडी नको व्हती. त्याला फक्त ती खोली सोडायची व्हती, अन् सोडल्यावर बायको-पोरीला उपाशी मारायचं न्हवतं.

आता माझ्या भावाचं सांगते, त्याच्याशिवाय ह्या गोष्टीला अर्थ न्हाई. माझा भाऊ रखमाजी. त्याला दोन पोरं. थोरला भागवत, धाकटा कल्याण. आठ-नऊ वर्षांमागं एका सकाळी रखमाजी चहा पीत बसल्ता अन् सहज म्हणला, "भागवत, जा रे, विहिरीवरची मोटार चालू करून ये." भागवत गेला. मोटारीच्या पेटीत करंट उतरल्ता. पोरगा परत आला न्हाई.

माझ्या भावानं भिंतीकडं तोंड केलं. वरीसभर केलं. रडला न्हाई, ओरडला न्हाई, फक्त "म्याच धाडलं, म्याच धाडलं" एवढंच म्हणायचा. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं. पारावर जाणं सोडलं. म्या तोंडात घास घालायचे तवा दोन घास खायचा. त्याचं सारं सुटलं, एक तंबाखू सुटली न्हाई. पडल्या पडल्या हात चालायचा, तळहातावर मळायची, चुना लावायचा, बार भरायचा. पुढं पुढं उठून बसायला लागला, पण माणूस आत न्हवताच. मला वाटायचं, आपला भाऊ असाच जाणार.

इकडं कल्याणनं तातेराव नावाच्या एका माणसाची ओळख काढली. बाजूच्या गावचा, रेशमाच्या आळ्या पाळणारा. त्याच्याकडं जाऊन जाऊन हा शिकला. मंग आमच्या वावरातल्या एका तुकड्यात तुती लावली. पैसे जमले तसं शेड उभं केलं, एका वर्षी खांब, दुसऱ्या वर्षी पत्रे, मंग आतले मांडव, आळ्या ठेवायचे थरावर थर. हे असं हळूहळू. सुट्टीच्या दिवशी जालन्याहून बसनं यायचा, वाटेत राजूरला बस थांबली तरी एक पेढासुद्धा घ्यायचा न्हाई, थेट वावरात. गेल्या दिवाळीला त्यानं अन् त्याच्या बायकोनं, वंदनानं, थोड्या आळ्या आणून पाह्यल्या. कोष कसे पांढरेशुभ्र झाले! जालन्याच्या बाजारात बराबर भावानं गेले. त्या दिवशी ह्या चिकट माणसानं साऱ्या गल्लीत पेढे वाटले, तवा लोकांना वाटलं ह्याला लॉटरी लागली.

मंग त्यानं ठरवलं. कारखान्यातून एक महिना बिनपगारी सुट्टी घ्यायची, पूर्ण शेड भरून आळ्या आणायच्या, साऱ्या जमापुंजीचा हा शेवटचा खर्चा. जमलं तर ती टीव्हीची खोली सोडायची ती कायमची. साहेब म्हणला, पहिल्या तारखेला आला न्हाईस तर खुर्ची दुसऱ्याला. वंदना म्हणली, "एक डाव. जमलं तर मी जालन्याचं भाड्याचं घर आवरून पोरीला घेऊन कायमची गावाला येते. न्हाई जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई, पोरीची शाळा हाय." ती लई सरळ बाई हाय. तिनं आधीच इतकी वर्षं पोट मारलं व्हतं, तिला तेवढं म्हणायचा हक व्हता.

तो महिना! वंदनाही पोरीला घेऊन तेवढ्यापुरती गावाला आल्ती. म्या म्हणते, माणसाचं तोंड असं बदलतं का? तोच कल्याण, ज्याच्या डोळ्याखाली काळं पडल्तं, तो सकाळी गाणं म्हणत तुती कापायचा. दोन भाकरी खाऊन तिसरी मागायचा. आळ्यांनी पाला खायला सुरवात केली की शेडात असा आवाज यायचा, लग्नाच्या पंगतीत सगळे एकदम पापड मोडतेत ना, तसा. पोरीला खांद्यावर घेऊन तो तिथं उभा राहायचा अन् नुसता ऐकायचा.

अन् एक दिवस बघते तर माझा भाऊ शेडाच्या दारात.

काठी टेकत आल्ता. कुणी बोलावलं न्हवतं. तो आवाज ऐकून आला म्हणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मंग रोज. तातेरावनं आधीच बजावल्तं, आळ्यांना तंबाखू म्हंजे विष, तंबाखू खाणारा माणूस आत नको. कल्याणनं भीत भीत बापाला सांगितलं, "आबा, आत तंबाखू चालत न्हाई." माझ्या भावानं मान हलवली. अन् त्यानं ते पाळलं, बिलकुल मारुतीच्या देवळावाणी पाळलं. दारात चपला काढायचा, बार थुंकायचा, लोट्यानं चूळ भरायचा, हात धोतराला पुसायचा, मंग आत. आम्हाला वाटलं झालं की! तोंडातली गेली म्हंजे गेली. तंबाखूची चंची तर बाहेर काठीला टांगलेली असायची.

आत लाकडी पाटावर बसायचा. कल्याण आळ्यांवर चुन्याची पूड भुरभुरायचा, रोग येऊ नये म्हणून. ते पाहून माझा भाऊ काय म्हणला माहितीय का? "ह्यांनाही चुना लागतो, मलाही चुना लागतो. मंग ह्या माझ्याच घरच्या की रे!" अन् हसला. खो खो हसला. आठ-नऊ वर्षांनी. कल्याणच्या हातातली चाळणी तशीच राहिली. वंदनानं तोंडाला पदर लावला. म्या बाहेर जाऊन रडून घेतलं, अन् आत येऊन म्हणलं, "म्हाताऱ्या, हसायला काय झालं, दात तरी हेत का?"

पण कल्याण त्याला हात लावू द्यायचा न्हाई. "आबा, तुम्ही बसा. नुसतं बघा." म्हाताऱ्याचे हात शिवशिवायचे. शेतकरी माणूस, किती दिवस नुसतं बघील?

आळ्या कात टाकायला झोपतेत, तशी त्यांची शेवटची झोप झाली. त्या झोपेतून उठल्या की हप्ताभर दणकून खातेत अन् मंग कोष विणायला बसतेत. बोटाएवढ्या झाल्त्या, गारगार, दुधाळ. त्याच दिवसांत कारखान्यातून फोन आला, येणार का न्हाई ते समोर येऊन सांग. कल्याण सकाळच्या बसनं जालन्याला गेला. जाताना वंदनाला सांगून गेला, दुपारचा पाला टाक. पण पोरीला ताप भरला अन् वंदनाला भोकरदनला दवाखान्यात जावं लागलं. ती मला म्हणली, "आत्या, कापून ठिवलेला पाला हाय, तेवढा टाकता का?" म्या म्हणलं जा, पोरीला बघ.

म्या भाकरी उरकून, गुडघे धरत धरत वावरात पोचले. तर पाला पडलेला. साऱ्या मांडवांवर, या टोकापसून त्या टोकापोहोत. अन् माझा भाऊ काठी बाजूला टाकून, सरळ उभा, मांडवाच्या कडेला सरकलेल्या आळ्या एक एक बोटानं उचलून पाल्यावर ठेवून राह्यला. त्यांच्याशी बोलून राह्यला. "खा माय, खा. तू काहून मागं राहिली?" म्हणून.

मला पाहून म्हणला, "द्वारके, सांग कल्याणला. बापानं एकीलासुद्धा उपाशी ठिवलं न्हाई म्हणावं."

त्याचं तोंड म्या तुम्हाला काय सांगू! भागवत असताना असं व्हतं, त्यानंतर न्हाई. म्या त्याचा घाम पुसला. मला लई बरं वाटलं.

सांजच्याला कल्याण आला. उड्या मारतच आला म्हणा. "सांगून आलो, आत्या. पहिलीपासून येणार न्हाई. खुर्ची द्या कुणालाही!" त्या सांजेला आमच्या घरात पुरणपोळी झाली. सण न्हवता, काही न्हवता. त्या गडबडीत दुपारच्या पाल्याचं सांगायचं राहूनच गेलं. रखमाजीनं पोराच्या पानात आपल्या हातानं तूप वाढलं.

सकाळी शेडात आवाज न्हवता.

आळ्या माना वर करून इकडून तिकडं हलवून राह्यल्त्या. तोंडातून हिरवं पाणी. अंगं आखडलेली. पाला तसाच पडलेला. कल्याण एका मांडवापसून दुसऱ्याकडं पळत व्हता, सगळीकडं तेच. तातेरावला फोन लावला, तो मोटारसायकलीवर जल्दी आला. त्यानं एक आळी तळहातावर घेतली, पाह्यली, अन् विचारलं, "तंबाखूचा हात कुणाचा लागला?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंडातली थुंकली, पण साऱ्या जिंदगीची तंबाखू त्या बोटांत मुरलेली. धोतराला पुसून काय जाते ती? उलट त्या धोतरातही तीच. कल्याणनं माझ्याकडं पाह्यलं. म्या खाली पाह्यलं. एवढ्यानं त्याला कळलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. माझा भाऊ आल्ता. "काय झालं रे? आवाज काहून येत न्हाई?"

तातेरावनं तोंड उघडलं, तर कल्याणनं त्याचा हात दाबला. अन् बापाकडं तोंड करून म्हणला, "आबा, माझं चुकलं. पहाटे ओला पाला टाकला म्या. दवाचा. ध्यानात आलं न्हाई."

रखमाजीनं काठी आपटली. मंग त्यानं जी तोंडाला येईल ती शिवी दिली. कल्याणनं खाली मान घालून सगळ्या ऐकल्या.

म्हातारा घरी गेल्यावर वंदना भडकली, अन् का न्हाई भडकणार? "सांगा त्यांना! सांगितलं की हात लावायचे न्हाईत. शेड हाय, तुती हाय, थोडंफार अजून उसनंपासनं करू, दुसरा डाव टाकू. मी दिलेला शब्द मागं घेते. पण सांगा."

कल्याण मांडवाला टेकून बसल्ता. "सांगितलं तर आबा तंबाखू सोडतील, वंदना. अन् भिंतीकडं तोंड करतील. एक पोरगं म्याच धाडलं म्हणून वरीसभर पडून व्हते. आता दुसऱ्याचंही म्याच केलं म्हणतील. ह्यावेळेस उठणार न्हाईत ते."

"मंग सांगू नका, शेडाला कुलूप लावा."

"कुलूप लावलं तर काहून लावलं म्हणतील. अन् न लावावं तर ते येतील, पुन्हा हात लावतील. आता त्यांना इथं येऊ नका कसं म्हणू? किती वर्षांनी चालत आलेत ते."

"आबांचं सारं बरोबर. अन् आपलं काय?" वंदना म्हणली.

माझं काळीज तुटत व्हतं. म्या उठले, म्हणलं, "थांबा, म्याच सांगते म्हाताऱ्याला. माझा भाऊ हाय. रडला तर म्या बघून घेईन." तर कल्याणनं माझे पाय धरले हो. "आत्या, तुला भागवतदादाची आण हाय." म्या त्या पोराला मांडीवर खेळवलंय. आण मोडून कुठं जाऊ?

त्यानंच खड्डा खांदला. त्यानंच टोपल्यानं त्या साऱ्या आळ्या त्यात टाकल्या, वरून चुना टाकला, माती लोटली. कुणाला हात लावू दिला न्हाई. अन् पहिल्या तारखेला तोच निळा शर्ट घालून सकाळच्या बसनं गेला. साहेबापुढं काय बोलला, कसा बोलला, ते त्यानं सांगितलं न्हाई. आधीपेक्षा कमी पगारावर घेतलं अन् रातपाळी दिली एवढं वंदनाकडून कळलं. तुती आता तातेराव कापून नेतो. शेडात बटईवाला खताच्या गोण्या ठेवतो.

अन् माझा भाऊ? माझा भाऊ खडखडीत झाला की! रागानं माणसात जीव येतो म्हणतेत ते खोटं न्हाई. रोज सकाळी पारावर जातो, बार भरतो, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून पोराच्या नावानं बोटं मोडतो. "धीर न्हाई हो पोराला. एक डाव फसला तर पळाला नोकरीकडं. अन् फसला कसा? ओला पाला टाकला! म्या एक दिवस एकट्यानं पाला टाकला, एक आळी उपाशी राहिली न्हाई. दुसऱ्या दिवशी ह्यानं हात लावला अन् सगळ्या मेल्या. हाताला यशच न्हाई त्याच्या. माझ्याकडं दिल्या असत्या तर आज कोष सोन्यावाणी झाले असते."

लोक माना हलवतेत. म्हणतेत, खरंय रखमाजी, आजकालच्या पोरांना कष्ट नको. अन् म्या तिथून पाण्याची घागर घेऊन जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! एकदा राहवलं न्हाई, जेवताना त्यानं पुन्हा तेच काढलं तर म्या भाकरी त्याच्या ताटात आपटली. "तुला काय झालं गं द्वारके?" म्हणला. म्या म्हणलं, "काही न्हाई, गुडघा दुखतो."

मागल्या ऐतवारी कल्याणचा फोन आल्ता. रातपाळी करून आलेला, आवाज कसा बसलेला. म्या म्हणलं, "कल्याण, पुरे झालं. चारचौघांत तुझी लाज काढून राह्यलाय तो. म्या आता ऐकून घेणार न्हाई. आण गेली खड्ड्यात."

"आबा जोरात बोलतेत का, आत्या?" त्यानं विचारलं.

"जोरात? तिकडं हाटेलापोहोत ऐकू येतं."

"अन् जेवतेत का?"

"दोन भाकरी. कधी कधी अडीच."

मंग म्हणला, "मंग बोलू दे, आत्या. ज्या दिवशी बोलायचे थांबतील ना, त्या दिवशी मला फोन कर. म्या असेन तसा निघून येतो."